आजोबांची बाटली आणि बाळाचं लासं

मागच्या वर्षीची गोष्ट. शनिवारी सकाळी साडेआठला मावसबहिणीचा फोन. शनिवारी सकाळी साडेआठला मी फोन उचलत नाही हे अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे, त्यामुळे काहीतरी गडबड असणार हे लगेच लक्षात आलं.

"अरे, केमिस्टने चुकीचं औषध दिलंय बहुतेक. नेटवर बघून सांग ना जरा."

(मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे नेट माझ्या घरचंच, असा नातेवाइकांचा समज आहे. असो.)

तर झालं असं होतं. ताईची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची. जन्मली तेव्हा अंगावर काही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात दंडावर एक गुलाबी ठिपका दिसला. ढेकूण चावला असेल म्हणून सोडून दिला. आठव्या आठवड्यापर्यंत त्याचा रुपयाएवढा, लालभडक, किंचित उचललेला डाग झाला होता. आजीने बघताक्षणी निकाल दिला, "लासं आहे. ग्रहणात काहीतरी चिरलं असशील." पहिले डॉक्टर म्हणाले, "आपोआप जाईल." ताई ऐकेना. दुसऱ्या, त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी दिवसातून दोनदा लावायला थेंब लिहून दिले. घरी येऊन खोका उघडते तो काय, आतल्या कागदावर लिहिलेलं, 'काचबिंदूसाठी, डोळ्यांत घालण्याचे थेंब'.

मी नाव विचारलं. टिमोलॉल, ०.५ टक्के. आणि मला हसूच आलं. ही बाटली आमच्या डायनिंग टेबलवर आजोबांच्या चष्म्याशेजारी कित्येक वर्षं उभी आहे!

केमिस्ट चुकला नव्हता. पण ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यातलं औषध दोन महिन्यांच्या बाळाच्या दंडावर कसं पोचलं, हे शोधण्यात माझा तो अख्खा वीकएंड गेला. परवा भाचीचा पहिला वाढदिवस झाला, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू. (मी डॉक्टर नाही. हा इतिहास आहे, प्रिस्क्रिप्शन नाही.)

आधी आजीच्या ग्रहणाबद्दल. आपण हसतो, पण युरोपातले लोक फार वेगळे नव्हते. अशा डागांना लॅटिनमध्ये 'नीवस मॅटर्नस' म्हणत, म्हणजे सरळसरळ 'आईची खूण'. जर्मनमध्ये जन्मखुणेला आजही जो शब्द आहे त्याचा अर्थ तोच. पोटुशी असताना आईने काही पाहिलं, कशाने दचकली, कशाची हाव धरली, की त्याचा ठसा बाळावर उमटतो, असा समज होता. डाग स्ट्रॉबेरीसारखा दिसतो, तर आईला स्ट्रॉबेरीचे डोहाळे लागले असणार! म्हणजे तिकडे स्ट्रॉबेरी, इकडे ग्रहण, आणि दोन्हीकडे दोष आईचाच.

ह्या लाल डागाचं वैद्यकीय नाव हेमॅन्जिओमा. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी भसाभस वाढतात आणि त्यांची ही गाठ बनते. कॅन्सर नव्हे. शंभरातल्या चार-पाच बाळांना होते. मुलींना जास्त, आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांनाही जास्त. तिचा स्वभाव मात्र एकदम विचित्र आहे. जन्मताना बहुधा नसते किंवा जेमतेम दिसते, पहिल्या दोन-तीन महिन्यांत झपाट्याने वाढते, मग थांबते, आणि पुढची काही वर्षं हळूहळू आपणहून मावळत जाते.

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर स्वतःहून फिक्स होणारा बग. आणि असा बग किती घातक असतो हे आपल्याला चांगलंच माहीत आहे. सर्व्हर आपोआप सुरळीत होणारच असतो, पण त्याआधी पाच जणांनी पाच गोष्टी करून पाहिलेल्या असतात. मग शेवटचा हात ज्याने लावला तो म्हणतो, "मी फिक्स केलं." ह्या डागाच्या औषधांचा सगळा इतिहास हा ह्या एकाच घोळाचा इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांकडे नवीनच खेळणी आली होती. क्ष-किरण आणि रेडियम. कोणी डागावर गोठवलेला कार्बन डायऑक्साइड दाबून ठेवत, कोणी रेडियम ठेवत. काही महिन्यांनी-वर्षांनी डाग गेला की उपाय यशस्वी! डाग तसाही जाणारच होता, पण ते मोजायला उपाय न केलेली बाळं कोणाकडे होती?

स्वीडनमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. स्टॉकहोमच्या रेडियमहेमेट ह्या नामांकित संस्थेत १९२० ते १९५९ ह्या काळात, आणि गोथेनबर्गमध्येही, हेमॅन्जिओमा असलेल्या हजारो तान्ह्या बाळांना किरणोत्सर्गाचे उपचार दिले गेले. दोन्ही शहरांची नोंद एकत्र केली तर आकडा २८,००८ भरतो. स्वीडिश लोकांनी नोंदी जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे पुढे ह्या बाळांचं काय झालं हे शोधता आलं. थायरॉइडचे आणि स्तनांचे कॅन्सर त्यांच्यात अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. २००४ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास तर वाचवत नाही. १९३० ते १९५९ ह्या काळात, दीड वर्षाच्या आत किरणोत्सर्ग मिळालेली ३,०९४ मुलं. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लष्करभरतीच्या वेळी त्यांच्या बुद्धिचाचण्या झाल्या होत्या, त्या तपासल्या. ज्यांच्या मेंदूपर्यंत किरण पोचलेच नव्हते त्यांच्यातले सुमारे ३२ टक्के हायस्कूलपर्यंत पोचले होते. ज्यांना सर्वांत जास्त मात्रा मिळाली त्यांच्यातले सुमारे १७ टक्के.

आणि हे कशासाठी? तर बहुतेकांच्या बाबतीत आपोआप गेला असता अशा डागासाठी. त्या डॉक्टरांना बाळांचं वाईट करायचं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर डाग जात होते. नुकसान दिसायला वीस-तीस वर्षं लागणार होती.

ह्या सगळ्यात एका माणसाने अगदी साधी गोष्ट केली. काहीच केलं नाही, फक्त बघत बसला. लिस्टर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने ७७ मुलांच्या अंगावरच्या ९३ डागांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि १९३८ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापला. सुरुवातीला झपाट्याने वाढणारे हे डाग पुढे आपणहून मावळतात, साधारण पाचव्या वर्षापर्यंत. तेव्हा बहुतेक डागांना हात लावू नका. ज्याला आपण बेसलाइन म्हणतो ती पहिल्यांदा कोणीतरी नीट मोजली. गंमत म्हणजे निबंध १९३८ चा, आणि स्वीडनमधलं रेडियम त्यानंतरही वीस वर्षं चालू होतं.

हळूहळू मात्र लिस्टरचं म्हणणं पाठ्यपुस्तकांत गेलं. आणि पाठ्यपुस्तकात गेलेल्या चांगल्या गोष्टीचं जे होतं तेच झालं. "बहुतेक डाग आपोआप जातात" ह्यातला 'बहुतेक' गळून पडला. ताईला पहिल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते चूक नव्हतं, अर्धं होतं. डाग पापणीवर असेल आणि डोळा झाकत असेल, तर त्या डोळ्याने बघायला मेंदू शिकतच नाही. पाचव्या वर्षी डाग जातो, पण तोपर्यंत दृष्टी कायमची मंद झालेली असू शकते. श्वासनलिकेत गाठ असेल तर जिवाशी खेळ. नाकाच्या शेंड्यावर, ओठावर असेल तर गाठ जाऊनही चेहरा बिघडलेला राहतो. काही डाग फुटून जखमा होतात आणि बाळ कळवळतं. अशा बाळांना "थांबा" म्हणणं हासुद्धा एक उपचारच आहे, आणि त्याचेही साइड इफेक्ट आहेत.

अशांसाठी १९६७ च्या सुमारास स्टेरॉइड्स आली. झारेम आणि एजर्टन ह्या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं की वाढणाऱ्या गाठी त्याने आटोक्यात येतात. पण महिनोन्महिने स्टेरॉइड म्हणजे बाळाचा चेहरा सुजणार, वाढ मंदावणार, रक्तदाब चढणार. १९९२ साली बॉस्टनमधून इंटरफेरॉनची बातमी आली. मोठ्या आशेने वापरलं, आणि मग काही बाळांच्या पायांत ताठरपणा दिसायला लागला. तेही मागे पडलं.

मधल्या काळात एक महत्त्वाचं काम झालं, नावं नीट ठेवण्याचं. १९८२ पर्यंत अंगावरच्या कुठल्याही लाल डागाला जवळजवळ एकच नाव असायचं. जॉन मलिकेन आणि जूली ग्लोवाकी ह्या दोघांनी पेशी तपासून सांगितलं की हे मुळात दोन वेगळे प्रकार आहेत. एकात पेशी वाढतात आणि नंतर ओसरतात, तो हेमॅन्जिओमा. दुसऱ्यात रक्तवाहिन्यांची घडणच चुकलेली असते. तो डाग जन्मापासून असतो, बाळाबरोबर वाढतो आणि कधीच आपणहून जात नाही. चेहऱ्यावरचा गडद वाइनच्या रंगाचा सपाट डाग हा ह्यातला. त्याला लेझर लागतो, थेंबांनी काही होत नाही. दोन वेगळे बग एकाच तिकिटात घातले की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता आपल्या गोष्टीचा मुख्य भाग. त्यासाठी जरा हृदयाकडे जाऊ.

जेम्स ब्लॅक हे स्कॉटिश शास्त्रज्ञ. छातीत कळ येणाऱ्या रुग्णांच्या हृदयाला जास्त रक्त पुरवण्यापेक्षा हृदयाची भूकच कमी केली तर, असा त्यांचा उलटा विचार. त्यातून १९६४ च्या सुमारास प्रॉप्रॅनोलॉल हे औषध आलं. ॲड्रिनॅलिनचा निरोप जिथे पोचतो ते बीटा नावाचं दारच हे बंद करतं, म्हणून बीटा ब्लॉकर. ह्या कामाचा वाटा असलेलं नोबेल ब्लॅकना १९८८ साली मिळालं.

काही वर्षांतच लक्षात आलं की प्रॉप्रॅनोलॉलने डोळ्यातला दाबही उतरतो. पण त्याचे थेंब डोळ्यात घातले तर बुबुळ बधिर होतं. मग त्याच घराण्यातलं, पण डोळा बधिर न करणारं औषध हवं होतं. ते टिमोलॉल. १९७८ साली अमेरिकेत काचबिंदूसाठी त्याला मंजुरी मिळाली आणि यथावकाश ते आमच्या डायनिंग टेबलवर येऊन पोचलं.

म्हणजे एकाच घराण्यातले दोन भाऊ. एक हृदयाकडे गेला, दुसरा डोळ्याकडे. बाळाच्या डागाशी दोघांचाही संबंध नव्हता.

फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या हॉस्पिटलात एका बाळाच्या नाकावर हेमॅन्जिओमा होता. स्टेरॉइड चालू होतं, आणि त्याच्याच परिणामाने बाळाच्या हृदयाचे स्नायू जाड झाले. हृदयासाठी म्हणून प्रॉप्रॅनोलॉल सुरू केलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर लालभडक गाठ जांभळट आणि मऊ पडलेली! त्वचेच्या डॉक्टर क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पाहिलं. मग दुसऱ्या एका बाळाला हृदयाच्याच कारणाने हे औषध दिलं गेलं, तिथेही तेच. मग पालकांच्या संमतीने आणखी नऊ बाळांना मुद्दाम दिलं. जून २००८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'ने हे एका छोट्या पत्राच्या स्वरूपात छापलं. अकरा बाळं, एक पत्र, आणि चाळीस वर्षांची स्टेरॉइड्सची सद्दी संपायला सुरुवात झाली.

मला ह्यातली एक गोष्ट फार आवडली. हा आजार आपोआप बरा होतो हे माहीत असताना ह्यांना औषधाचीच खात्री का वाटली? कारण निसर्ग हे काम वर्षानुवर्षं, दमादमाने करतो. वाढत्या गाठीचा रंग एका रात्रीत बदलणं निसर्गाच्या वेळापत्रकात बसत नाही. तरीही ते तिथेच थांबले नाहीत. २०१५ साली त्यांनी ४५६ बाळांची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. काहींना औषध, काहींना औषधासारखं दिसणारं नुसतं पाणचट सिरप, आणि कोणाला काय हे कोणालाच माहीत नाही. सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी ६० टक्के बाळांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली. नुसत्या सिरपवर ४ टक्के. ह्याला म्हणतात उत्तर.

मग साहजिकच प्रश्न आला की दंडावरच्या रुपयाएवढ्या डागासाठी बाळाला पोटातून हृदयाचं औषध कशाला? वरून लावता येईल का? हे आधी सुचलं डोळ्यांच्या डॉक्टरांना, आणि ते स्वाभाविकच होतं. पापणीवर हेमॅन्जिओमा असलेली बाळं त्यांच्याकडेच येतात आणि टिमोलॉलची बाटली त्यांच्या टेबलावरच असते. न्यू जर्सीतल्या गुओ आणि नी ह्या दोन डॉक्टरांनी एका बाळाच्या पापणीवरच्या डागावर हे थेंब लावले आणि तो फिका पडल्याचं २०१० साली छापलं. त्याच वर्षी टोरोंटोहून सहा बाळांवरच्या टिमोलॉल जेलच्या प्रयोगाची बातमी आली, सहाही सुधारली. २०१३ साली सिडनीच्या डॉक्टरांनी ४१ बाळांत चाचणी केली, तिथेही खऱ्या जेलने खोट्यापेक्षा बरा परिणाम दाखवला. २०१६ साली ७३१ बाळांच्या नोंदी एकत्र केल्या. ९२ टक्क्यांहून जास्त बाळांच्या डागाचा रंग बराच सुधारला होता.

इथपर्यंत वाचून मी ताईला फोन लावणारच होतो. "बिनधास्त लाव, ९२ टक्के!" पण मग सवयीने विचारलं, ९२ टक्के कशाच्या तुलनेत? त्या ७३१ मध्ये नुसतं पाणी लावलेली बाळं नव्हती. म्हणजे आपण पुन्हा रेडियमवाल्या डॉक्टरांच्याच खुर्चीत बसलो की!

उत्तर २०२१ साली स्पेनमधून आलं. दोन महिन्यांच्या आतली ६९ बाळं, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एकाला टिमोलॉलचे थेंब, दुसऱ्याला औषध नसलेले थेंब. २४ आठवड्यांनी डाग पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलेली बाळं टिमोलॉल गटात ४२ टक्के, खोट्या थेंबांच्या गटात ३६ टक्के. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

म्हणजे थेंब फुकट? तसंही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पातळ, वरवरच्या डागांसाठी टिमोलॉल वापरता येईल असं म्हटलंय. पण ते जादूचे थेंब नाहीत, आणि जाड, खोल किंवा धोक्याच्या जागी असलेल्या डागासाठी ते पोटातल्या औषधाची जागा घेऊ शकत नाहीत.

आणि 'वरून लावायचं' म्हणजे निरुपद्रवी, असंही नाही. ०.५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम. एका थेंबात साधारण पाव मिलिग्रॅम. बाळाची त्वचा पातळ, वजन तीन-चार किलो, आणि त्वचेतून शिरलेलं औषध यकृताची चाळणी चुकवून थेट रक्तात जातं. डाग फुटलेला असेल तर आणखीच जास्त. हृदयाचे ठोके मंदावणं, श्वास अडखळणं असे प्रकार विशेषतः कमी दिवसांच्या लहानशा बाळांत नोंदले गेले आहेत. तेव्हा आजोबांच्या बाटलीतले दोन थेंब घरच्या घरी लावून बघू, हा विचार कृपया नको. किती थेंब, किती दिवस हे डॉक्टरच सांगणार.

ह्या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी वाटलेला शोध औषधाचा नाहीच. डॉक्टरांना एक अडचण होती. २००८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की गाठीची बहुतेक वाढ तीन महिन्यांच्या सुमारास होऊन गेलेली असते आणि बाळ तज्ज्ञाकडे पोचतं सरासरी पाचव्या महिन्यात. मग सुरुवातीची वाढ बघायची कशी? टॉलेफसन आणि फ्रीडन ह्या डॉक्टरांनी सोपी युक्ती केली. आईबापांनी काढलेले फोटो मागवले! प्रत्येक आईबापाकडे तारखेसकट शेकड्याने असतातच. ३० बाळांचे फोटो लावून पाहिले तेव्हा, २०१२ साली, स्पष्ट झालं की सर्वांत वेगवान वाढ साडेपाच ते साडेसात आठवड्यांच्या दरम्यान होते. म्हणजे जेव्हा घरातले "ढेकूण चावला असेल" म्हणत असतात नेमकी तेव्हा. म्हणूनच २०१९ ची तत्त्वं सांगतात की धोक्याचा वाटणारा डाग महिन्याच्या आतच तज्ज्ञाला दाखवा. नंतर थांबायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. दाखवून थांबणं आणि न दाखवता थांबणं ह्यांत फार फरक आहे.

त्या रविवारी रात्री मी ताईला एवढंच सांगितलं. औषध बरोबर आहे. डाग दंडावर आहे, पातळ आहे, तेव्हा घाबरायचं काही नाही. थेंबांनी कदाचित थोडा फायदा होईल, कदाचित निसर्गच करेल. मात्र दर रविवारी एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढ, शेजारी रुपया ठेवून. आणि तुझ्या लॅपटॉपचा, ग्रहणाचा, सुरीचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे शेवटचं परत एकदा सांग." मी सांगितलं. मग म्हणाली, "थांब, स्पीकरवर टाकते, आईलाही ऐकव." दोन महिने ती बाई रात्री जागून काय विचार करत होती ते मला तेव्हा कळलं.

परवा वाढदिवसाला भाचीचा दंड पाहिला. फिकट गुलाबी सावली उरली आहे, मधूनमधून करड्या रेषा. फोटोंत तिसऱ्या महिन्यानंतर वाढ थांबलेली दिसते. थेंबांमुळे की आपोआप? एका बाळावरून ते कधीच सांगता येणार नाही. ताई म्हणते थेंबांमुळे. आजी म्हणते तिने काढलेल्या दृष्टीमुळे. आजोबा म्हणाले, "माझंच औषध ते," आणि खिशातून बाटली काढून सगळ्यांना दाखवली.